हॉलमधल्या एकाहत्तर वस्तू

एकूण वस्तू एकाहत्तर होत्या. अंतराळावरची टपाल तिकिटं ज्या दिवशी निघाली त्या पहिल्या दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं तेवीस, मोहिमांचे कापडी बिल्ले सतरा, वर्तमानपत्रांची पहिली पानं नऊ, पोस्टर आठ, अग्निबाणांच्या छोट्या प्रतिकृती सहा, उड्डाण बघायला गेल्याचे प्रवेशपास चार, हवामानाच्या फुग्याबरोबर वर जाऊन कुणाच्या तरी शेतात पडलेले थर्माकोलचे डबे दोन, उपग्रहाला गुंडाळतात तसल्या सोनेरी पापुद्र्याचा तळहाताएवढा तुकडा एक आणि एक काळा दगड. हा दगड उल्का आहे की नाही, याबद्दल अनुपमाने आपलं मत राखून ठेवलं होतं. मोजणी दोनदा झाली होती, एकदा प्रकाराप्रमाणे आणि एकदा आकाराप्रमाणे, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलं होतं. या प्रकरणात दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, असं पुन्हा कधी घडलं नाही.

चारकोपच्या वन बीएचकेमध्ये या वस्तू एकोणीस वर्षं बॉक्स पलंगात, पाहुण्यांच्या गाद्यांखाली राहत होत्या. पहिलं पाकीट पप्पांनी, म्हणजे टपाल खात्यात पत्रांच्या वर्गवारीवर असलेल्या काशीराम परबांनी, लेक आठ वर्षांची असताना आणून दिलं होतं. आता लेक सत्तावीस वर्षांची, एम.एस्सी. होऊन मरोळच्या एका तपासणी प्रयोगशाळेत वजनकाट्यांवर काम करत होती. पप्पा निवृत्त झाले होते. पाहुणे आले की गाद्या काढताना एखादा अग्निबाण घरंगळत बाहेर येई आणि आई, म्हणजे सुलक्षणाबाई, म्हणे, "तुजो पसारो बाहेर इलो बघ."

पसारा हा शब्द अनुपमाला फार लागायचा. आईच्या जगात वस्तूंचे दोनच वर्ग होते : उपयोगाच्या आणि पसारा. उपयोगाच्या कुठल्या, हे दसऱ्याला कळे. त्या दिवशी सकाळी पाट मांडून आई सगळ्या अवजारांना हळद-कुंकू लावी. शिलाई मशीन, मिक्सर, नारळ खवायची आडाळी, पप्पांची स्कूटर, पक्कड, पाना. कॉलेजात गेल्यापासून अनुपमाचा लॅपटॉपही त्या रांगेत बसू लागला होता आणि त्याच्या एका बटणाच्या फटीत अजून कुंकू आहे. गेल्या वर्षी तर गॅसच्या रेग्युलेटरलाही झेंडूचं फूल मिळालं. अकरा वर्षांची असताना अनुपमाने गुपचूप आपला पुठ्ठ्याचा अग्निबाण पक्कड आणि पान्याच्या मधे नेऊन ठेवला होता. आईने तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. "ह्यो खेळ आसा गो. अवजार नाय." हा निकाल अनुपमाने अपील न करता सोळा वर्षं सोसला.

जूनमध्ये तिने हॉलची भिंत मागितली. भिंत सात फुटांची, सोफ्यासमोरची, आणि तिच्यावर आईच्या माहेरच्या पितळी ताटांचं शोकेस होतं. तीन संध्याकाळी वाटाघाटी झाल्या. पप्पांनी पहिल्या संध्याकाळी लेकीची बाजू घेतली, दुसऱ्या संध्याकाळी आईची, आणि तिसऱ्या संध्याकाळी ते भाजी आणायला गेले. शेवटी करार ठरला तो असा : भिंत दसऱ्यापर्यंत मिळेल. तोवर बाहेरचं एक तरी माणूस मुद्दाम हे बघायला आलं आणि त्याने ते नीट बघितलं, तर भिंत अनुपमाची. नाहीतर ताटं परत वर आणि पसारा परत गाद्यांखाली.

अनुपमाला ही अट सोपी वाटली. मुंबईत अंतराळ-वस्तू जमवणाऱ्यांचं एक छोटं मंडळ होतं. त्याच्या सभासदत्वासाठी तीन अटी होत्या : घरात कायमची मांडणी हवी, किमान पन्नास वस्तू हव्यात, आणि परीक्षकाने घरी येऊन बघितल्यावर निम्म्याहून जास्त वस्तू उत्तम स्थितीत ठरायला हव्यात. परीक्षक घरी येणार, म्हणजे बाहेरचं माणूस आलंच. तिने अर्ज पाठवला. उरलं होतं फक्त भिंतीला आठ भोकं पाडणं.

भोकांसाठी सोसायटीची परवानगी लागते. सेक्रेटरी अंबादास गायकवाड काका जालन्याकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि नियमांच्या बाबतीत अनुपमापेक्षाही काटेकोर. तिला वाटलं, आपल्यासारखाच माणूस भेटला. दोन काटेकोर माणसं एकमेकांना भेटली की काम दुप्पट वेगाने होतं असा तिचा समज होता. पहिला अर्ज परत आला, कारण त्यात 'प्रदर्शन' असा शब्द होता आणि निवासी गाळ्यात प्रदर्शन म्हणजे व्यापारी वापर. दुसऱ्या अर्जात तिने 'शोकेस' लिहिलं. काकांनी चष्मा पुसत विचारलं, भिंतीवर भार किती येणार?

इथे कुणीही शहाण्या माणसाने "काय काका, कागद तर आहेत" असं म्हटलं असतं. अनुपमाने सगळ्या वस्तू तीन खेपांत मरोळला नेऊन प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलल्या आणि काकांना लेखी उत्तर दिलं : वस्तू अकरा किलो तीनशे चाळीस ग्रॅम, कपाट आणि काच सेहेचाळीस किलो. काका हरखले. त्यांच्या बावीस वर्षांच्या कारकिर्दीत कुणी सभासदाने ग्रॅममध्ये उत्तर दिलं नव्हतं. इतका नेमका आकडा हाती आल्यावर तो नुसता फायलीत ठेवणं त्यांना पाप वाटलं आणि त्यांनी तो बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी करणाऱ्या इंजिनिअरकडे धाडला. इंजिनिअरने पाच आठवड्यांनी कळवलं की साडेचार इंची भिंतीवर पन्नास किलोच्या वर काही टांगू नये. बाकीच्या घरांत पंच्याऐंशी किलोची कपाटं त्याच भिंतींवर सुखाने लटकत होती. पण त्यांचं वजन कुणी केलं नव्हतं.

सहा मिलिमीटरची काच चार मिलिमीटरची झाली, फळ्या बारीक झाल्या, आणि परवानगी मिळेपर्यंत गणपती येऊन गेले.

दरम्यान बिल्डिंगला बातमी लागली होती. जिन्यात भेटणारा प्रत्येकजण सल्ला देत होता. मधे टीव्ही बसव, बाजूला रॉकेटं लाव. निळी लाइट सोड, अंतराळ वाटेल. दगड आधी सोनाराला दाखव. पहिल्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, एवढं शिकलीस तर यूट्यूब चॅनेल का नाही काढत. शेजारच्या कुंदाकाकू सल्ल्यावर थांबल्या नाहीत. त्या वस्तूच घेऊन आल्या : विमानात मिळालेली मिठाची पुडी, नातवाचं हेलिकॉप्टर आणि गेल्या दिवाळीत उडवलेल्या बाणाची जळकी काडी. अनुपमाने शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं की संग्रह अंतराळाचा आहे. काकू म्हणाल्या, "अगं वरच जातं ना सगळं? मग."

या 'मग'ला विज्ञानात उत्तर नाही.

सुतार मिथुन हा कांदिवलीतला सगळ्यात चांगला कारागीर, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. कशातला चांगला, ते कुणी सांगितलं नव्हतं. अनुपमाने त्याला मिलिमीटरमध्ये काढलेला नकाशा दिला. मिथुनने तो आदराने दोन्ही बाजूंनी बघितला आणि खिशात ठेवला. मग कानामागची पेन्सिल काढून भिंत आपल्या सुतात मोजली. एका इंचात आठ सूत, आणि बाकीचा हिशेब देवाच्या हातात. कपाट आलं तेव्हा वर्तमानपत्रांचा कप्पा नऊ मिलिमीटरने बुटका होता. नऊच्या नऊ पहिली पानं त्यात मान वाकवून उभी राहिली, बुटक्या दारातून बाहेर डोकावणाऱ्या माणसांसारखी.

पण खरा धक्का वर होता. नकाशात कपाटाचा माथा सपाट होता. मिथुनने आणलेल्या कपाटाला जाळीचा घुमट होता, घुमटावर लाकडी कळस होता, दोन्ही बाजूंना नक्षीचे खांब होते आणि खाली एक इवलासा ड्रॉवर होता. अनुपमाने कळसाच्या टोकाला बोट लावून बघितलं. मिथुनला वाटलं, आनंदाने.

"वर एकदम खाली-खाली दिसत होतं मॅडम," तो म्हणाला. "अकरा साल देव्हारेच बनवतोय ना. हात आपोआप जातो."

"आणि हा ड्रॉवर?"

"उदबत्तीला."

घुमट कापला तर लाकूड फाटेल असं त्याने सांगितलं. पप्पा म्हणाले, असू दे, शोभा आहे. आईने मात्र पहिल्यांदाच त्या कपाटाकडे जरा थांबून बघितलं. ड्रॉवर उघडला, बंद केला, आणि आत गेली.

भोकं शनिवारी अकरा ते एक या मंजूर वेळेत पडली. भिंत साडेचार इंची होती, मिथुनचा सातवा स्क्रू पाच इंची. तो कुंदाकाकूंच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांच्या वर, अर्धा इंच बाहेर आला. अनुपमा माफी मागायला धावली तेव्हा काकूंनी त्यावर पळी अडकवलेली होती. किती वर्षं मागे लागले होते गं यांच्या, एक खिळा ठोका म्हणून, असं म्हणून त्यांनी तिच्या हातावर नारळाची वडी ठेवली. स्क्रू बदलायची परवानगी त्यांनी साफ नाकारली. त्यामुळे काकूंनी भाजी ढवळायला पळी काढली आणि परत अडकवली, की इकडे तिसऱ्या कप्प्यातला अग्निबाण थोडासा सरके. अनुपमाने मोजलं : आठवड्याला चार मिलिमीटर, पूर्वेकडे. काकूंशी वैर परवडणारं नव्हतं, म्हणून हेलिकॉप्टर, मिठाची पुडी आणि जळकी काडी यांनाही सगळ्यात खालच्या फळीवर 'इतर' अशी पाटी लावून जागा द्यावी लागली. एकाहत्तरांत मात्र तिने ती धरली नाहीत.

दसऱ्याला सव्वीस दिवस उरले असताना मांडणी पूर्ण झाली. प्रत्येक वस्तूखाली टंकलेली पाटी होती : नाव, साल, कुठून आली. कपाटाजवळ एक वही होती. आलेल्या माणसाचं नाव आणि त्याने किती वेळ बघितलं, हे अनुपमा त्यात लिहीत असे. वेळ ती घड्याळाकडे न बघता मनात मोजे, म्हणजे पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये. तेवीस दिवसांत छत्तीस माणसं आली. कुणी पप्पांकडे आलं होतं, कुणी वर्गणीला, अंबादास काका भिंतीला तडा गेलाय का ते बघायला. मुद्दाम संग्रह बघायला आलेलं माणूस शून्य. पाहण्याचा सरासरी काळ नऊ सेकंद. त्यातून कुंदाकाकूंना वगळलं, ज्या आपल्या स्क्रूचं दुसरं टोक बघायला आल्या होत्या, तर सात. सर्वाधिक विचारलेला प्रश्न : याचे किती मिळतील? दुसरा : देव कुठे ठेवलेत?

घरच्या माणसांची नोंद वहीत नव्हती. आई रोज दुपारी घर रिकामं असताना कपाट पुसते, एवढं अनुपमाला माहीत होतं. त्याला किती वेळ लागतो हे तिने मोजलं नव्हतं.

दसऱ्याला तीन दिवस असताना मंडळाचं पत्र आलं. परीक्षक श्री. विद्याधर रेडकर, मुलुंड, दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला येतील. वस्तू प्लास्टिकच्या पाकिटांतून काढून उघड्या ठेवाव्यात, म्हणजे कागदाची स्थिती तपासता येईल. अनुपमाने पत्र आईला वाचून दाखवलं. आईने विचारलं, मुद्दाम येतायत? एवढ्या लांबून? सणाच्या दिवशी? तिन्ही प्रश्नांची उत्तरं हो अशी होती. आई म्हणाली, मग श्रीखंड थोडं जास्त करते.

दसऱ्याच्या सकाळी सात वाजता अनुपमाने चिमट्याने एकाहत्तर वस्तू प्लास्टिकमधून सोडवल्या आणि फळ्यांवर ठेवल्या. एकोणीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच उघडी हवा लागत होती. सव्वानऊला ती रेडकरांना आणायला कांदिवली स्टेशनला निघाली. निघताना आई पाट मांडत होती आणि म्हणाली, सावकाश ये, घाई करू नको, माझं पण आवरायचंय. या वाक्यात काही विशेष आहे असं अनुपमाला वाटलं नाही. ज्या व्यक्तीने अग्निबाणाचं सरकणं मिलिमीटरमध्ये मोजलं होतं, तिला हे वाटलं नाही, याची नोंद केलीच पाहिजे.

रेडकर साठीचे, शिडशिडीत, इस्त्रीचा शर्ट. पिशवीत भिंग, पांढरे हातमोजे आणि तीन प्रतींतला फॉर्म. रिक्षात त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या : आजवर चौदा घरं तपासली, त्यातली अकरा नापास झाली. बहुतेक ठिकाणी कारण दमटपणा. अनुपमा म्हणाली, आमच्याकडे आर्द्रता मोजायचा काटा आहे. रेडकरांनी तिच्याकडे प्रथमच नीट बघितलं. त्या बघण्यात आदर होता आणि तो तिला चारकोप येईपर्यंत पुरला.

दार उघडलं तेव्हा हॉलमध्ये उदबत्तीचा वास होता. ड्रॉवर उघडा होता. कळसाला झेंडूचं तोरण होतं. आणि फळ्यांवर, ओळीने, एकेका वस्तूवर, मधोमध, ओल्या हळदीचं एक बोट आणि त्यावर कुंकवाचं एक. पाकिटांवर तिकिटाच्या बरोबर शेजारी. बिल्ल्यांवर, पोस्टरांवर, पहिल्या पानांच्या मथळ्यांवर. थर्माकोलच्या डब्यांवर. दगडावर तर अक्षतासुद्धा. हेलिकॉप्टर, पुडी आणि काडी तेवढी कोरडी होती. पाटावर नेहमीची मंडळी बसली होती, मशीन, मिक्सर, आडाळी, पण ती यंदा उरकल्यासारखी वाटत होती.

रेडकरांनी चपला काढल्या आणि सवयीने हात जोडले. मग त्यांना काय बघतोय ते कळलं आणि हात तसेच राहिले.

अनुपमाच्या तोंडून एकच शब्द आला. "आई."

आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. नवी साडी नेसली होती. "इतकी वर्षां राहूनच गेलां," ती म्हणाली. "रोज पुसतंय, पाटये वाचतंय. तुजी अवजारांच ना ती? मगे अवजारांक हळद-कुंकू नको?"

सोळा वर्षांपूर्वीचा निकाल अशा रीतीने फिरवण्यात आला होता. आणि अनुपमाला, जिची हा निकाल फिरावा म्हणून काय वाटेल ती किंमत द्यायची तयारी होती, ती देऊन झालेली आहे हे समोर दिसत होतं. तिने भिंतीचा आधार घेतला. पलीकडे पळी वाजली.

रेडकरांनी हातमोजे घातले आणि मधल्या फळीवरचं एक पाकीट उचलून भिंगाखाली धरलं. बराच वेळ तसंच धरलं.

"हळद कुठली?" त्यांनी विचारलं.

"गावची. घरात दळलेली," आईने अभिमानाने सांगितलं.

"मग निघायची नाही," रेडकर म्हणाले आणि फॉर्म भरायला बसले.

त्यांनी एकही वस्तू सोडली नाही. प्रत्येक डाग मोजपट्टीने मोजला, कागदात किती मुरलाय ते मागून बघितलं, रकान्यात लिहिलं. हातमोजे पिवळे झाले. अध्येमध्ये आई पाटीवर नसलेलं काहीतरी सांगत होती : हा पास चेन्नईहून पुढे बसने गेलो तेव्हाचा, पाऊस आला म्हणून उड्डाण दिसलंच नाही, हिने दोन दिवस जेवण घेतलं नाही. हा डबा हिच्या मैत्रिणीच्या काकाला शेतात सापडला, त्यात आधी ते मिरच्या ठेवायचे. पप्पा सोफ्यावर बसून एकदा फॉर्मकडे आणि एकदा लेकीकडे बघत होते. त्यांनी टपाल खात्यातला अनुभव सांगितला की, शिक्का जरा जाड बसला की तक्रार यायचीच.

निकाल सव्वाबाराला लागला. उत्तम स्थिती : तीन. सदोष : अडुसष्ट. सभासदत्वासाठी पुन्हा अर्ज तीन वर्षांनी करता येईल. रेडकरांनी सही केली, एक प्रत अनुपमाला दिली, श्रीखंड-पुरी खाल्ली, दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं, आणि जाताना आपट्याचं पान आईच्या हातात ठेवून नमस्कार केला.

दार लागल्यावर आईने वही मागितली. तिला वाचून काय करायचं होतं ते अनुपमाला कळेना, पण तिने दिली. आईने रेडकरांची ओळ शोधली. तिथे वेळ लिहिलेली होती : एक तास सदतीस मिनिटं. आईने तो आकडा बोटाखाली धरून दोनदा वाचला.

"नऊ सेकंद बघणारी माणसां ती वेगळी," ती म्हणाली. "ह्या बघ. भिंत तुजी. ताटां मी खंयय ठेवीन."

अनुपमाच्या हातात फॉर्म होता. फॉर्मवर तीन हा आकडा होता. घुमटाखालच्या सगळ्यात वरच्या फळीवर त्या तीन वस्तू कोऱ्या करकरीत उभ्या होत्या : पप्पांनी आणलेलं पहिलं पाकीट, सोनेरी पापुद्रा आणि पहिल्या उड्डाणाचा पास. आईची उंची एकशे एकावन्न सेंटिमीटर.

आईचीही नजर तिथेच गेली. तिचा चेहरा उतरला.

"वरची तीन रवली गो," ती म्हणाली. "माजो हात पोचलो नाय. आणि तीच तुजी मोठी ना?"

अनुपमाने फॉर्म घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. मग आत गेली आणि स्टूल घेऊन आली. एक पाय डगमगत होता, म्हणून तिने दोन्ही हातांनी ते घट्ट धरून ठेवलं. आई पदर खोचून वर चढली.

संध्याकाळी वहीत शेवटची नोंद झाली. एकूण वस्तू : एकाहत्तर. हळद लागलेल्या : एकाहत्तर. डागाचा सरासरी व्यास : अकरा मिलिमीटर.